काखेतली गाठ आणि पाच दिवसांचं बाळ: एका बाळंतिणीची केस

ही केस सविस्तर लिहून काढायची बरेच दिवस मनात होतं. स्तन नेमका कुठपर्यंत पसरलेला असतो आणि तो चालतो कसा, ह्या दोन्ही गोष्टी इथे एकाच बाईच्या अंगावर एकाच वेळी दिसल्या, आणि घरच्यांनी अगदी मायेने जे केलं ते नेमकं उलटं पडत होतं. सांगली जिल्ह्यातली मुलगी, वय 24, पहिलंच बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. 38 आठवडे भरले होते, सिझेरियन झालं, मुलगी झाली, वजन 2.9 किलो. बाईला शुगर नाही, थायरॉईड नाही, हिमोग्लोबिन बऱ्यापैकी. चौथ्या दिवशी घरी सोडलं आणि पाचव्या दिवशी सकाळी आई आणि मावशी तिला घेऊन माझ्याकडे आल्या. मी आधी वॉर्डात नर्स होते, आता स्तनपानाचं समुपदेशन करते. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि तिला विचारूनच लिहितेय.

तक्रार काय, तर उजव्या काखेत गाठ. तिसऱ्या दिवशी रात्री हात खाली घेताना काहीतरी अडतंय असं वाटलं, सकाळी बघितलं तर काख भरून आलेली, हात अंगाला लावता येईना. मावशी ठाम होत्या, "काखमांजरी हाय ती, आत पू झालाय, म्हणून तर मी म्हटलं त्या बाजूचं पाजू नको, पोरीच्या पोटात जाईल." आईला वेगळीच भीती, ती तोंडाने बोलत नव्हती पण शेजारणीच्या जावेला छातीचा कॅन्सर झाला होता आणि तिचीही सुरुवात काखेतल्या गाठीनेच झाली होती, हे नंतर कळलं. आणि मुलगी स्वतः गप्प. तिला गाठीपेक्षा एकच गोष्ट खात होती, बाळ रडतंय आणि मला दूध नाही.

घरी येऊन एक रात्रच झालेली, पण तेवढ्यात बरंच काही झालं होतं. विटकरीचा शेक काखेला दिला. मालीशवाल्या बाईंना बोलावलं, त्यांनी तेल लावून गाठ "मोकळी करायला" अंगठ्याने दाबून दाबून चोळली, मुलगी ओरडली तरी चोळली, कारण दुखल्याशिवाय मोकळं होत नाही असं सगळ्यांनाच वाटतं. उजवीकडून पाजणं तर हॉस्पिटलात असल्यापासूनच बंद, म्हणजे जवळपास दोन दिवस. डावीकडून पाजायचं पण बाळ दोन मिनिटं चोखून झोपायचं, मग रडायचं, म्हणून पावडरचा डबा आला, बाटली आली. आणि कुणीतरी फोनवर सांगितलं की दूध आटवायची गोळी मिळते, ती घेतली की सगळंच बसेल. गोळी अजून घेतली नव्हती. हे ऐकून मला खरंच हायसं वाटलं.

आधी बाळाला बघितलं, कारण अशा वेळी सगळ्यांचं लक्ष गाठीकडे असतं आणि खरी घाई बाळाची असते. वजन 2.62 किलो. म्हणजे जन्मवजनापेक्षा 280 ग्रॅम कमी, जवळपास दहा टक्के. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर आपण नीट लक्ष ठेवतो, दहाच्या आसपास गेलं की हातावर हात ठेवून बसायचं नाही. चोवीस तासांत तीनदाच शू झालेली, लंगोटावर विटकरी रंगाचा डाग, शी अजून काळपट हिरवी, पाचव्या दिवशी खरं तर पिवळी व्हायला हवी. बाळ दमलेलं होतं पण हलवलं की डोळे उघडत होतं, तोंड शोधत होतं. बालरोगतज्ज्ञांनी लगेच तपासलं, थोडी कावीळ होती पण लाईटखाली ठेवण्याइतकी नव्हती.

मग बाळंतीण. ताप नाही म्हणावा इतका, 99.4. दोन्ही स्तन भरलेले, पण उजवा फार, कातडी ताणून चकचकीत झालेली, निळ्या शिरा वर आलेल्या, आणि मुख्य म्हणजे निपलभोवतीचा काळा भाग सुद्धा इतका कडक की निपल त्यात सपाट होऊन गेलेलं. बाळाला तिथे तोंडात धरायला काही उरलंच नव्हतं. लालसर पट्टा नाही, एका जागी ठणका नाही. काखेत साधारण पाच सेंटिमीटरचा फुगवटा, मऊसर, कडा स्पष्ट लागत नाहीत, कातडीबरोबरच हलतो, वरच्या कातडीचा रंग नेहमीचाच, फक्त चोळल्याने थोडी लाल झालेली. आणि मग मी डावी काख बघितली. तिथेही होता, लहान, दोनेक सेंटिमीटरचा, दुखत नव्हता म्हणून कुणी बघितलाच नव्हता.

दोन्ही काखा बघणं ही अशा केसमधली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि ती राहून जाते. काखमांजरी म्हणजे केसाच्या मुळाशी किंवा घामाच्या ग्रंथीत झालेलं गळू, ते लाल, गरम, टोकदार असतं, एका जागी ठणकतं, आणि दोन्ही काखांत एकाच रात्री सहसा येत नाही. अवधाण, म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी, बोटाखाली वेगळी लागते, रबरासारखी घट्ट, सुटी, गोल. चरबीची गाठ तीन दिवसांत उगवत नाही. इथे मात्र तारीखच सगळं सांगत होती. बाळंतपणानंतर तिसरा दिवस, म्हणजे छातीत दूध उतरायचा दिवस, आणि नेमका त्याच दिवशी काखेतला हा भाग फुगला.

मी तिला विचारलं, वयात आल्यापासून कधी काखेत जडपणा वाटायचा का. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पाळी यायच्या आधी ब्लाऊज काखेत टाईट व्हायचा मॅडम. मला वाटायचं चरबी हाय." कॉलेजात असल्यापासून ती बाहीचा कपडा सैल शिवून घ्यायची, बिनबाह्यांचं कधी घातलंच नाही, मैत्रिणींसमोर हात वर करायची नाही. इतकी वर्षं दर महिन्याला जाणवलेली गोष्ट, आणि एकदाही कुणाला विचारता आली नाही, आईला सुद्धा नाही. आई शेजारीच बसली होती, ती नुसती बघत राहिली. मला ह्या गोष्टीचं फार वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

तर ते होतं काय. आईच्या पोटात बाळ पाच-सहा आठवड्यांचं असताना त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी काखेपासून जांघेपर्यंत कातडीची एक जाडसर रेघ तयार होते, तिला दुग्धरेषा म्हणतात. कुत्री, डुक्कर, मांजर ह्यांच्यात ह्या रेघेवर ओळीने स्तन तयार होतात. माणसात बाकीची रेघ विरून जाते आणि छातीवरचा तेवढा एक तुकडा राहतो. पण काही जणींमध्ये रेघ पूर्ण विरत नाही, मधेच कुठेतरी थोडी ऊती शिल्लक राहते, बहुतेक वेळा काखेत. साधारण 2 ते 6 टक्के बायकांमध्ये हे सापडतं असं पुस्तकांत देतात, म्हणजे हे काही जगावेगळं नाही, शंभर बायकांच्या गावात दोन-चार जणी असणारच. कुणाला तिथे छोटं निपल असतं आणि ते तीळ म्हणून आयुष्यभर खपून जातं, कुणाला नुसती आतली ग्रंथी असते, वर काहीच दिसत नाही. ह्या मुलीला तसंच होतं. तिच्या काखेत गाठ आलीच नव्हती, जन्मापासून जे होतं ते पहिल्यांदा कामाला लागलं होतं.

आणि एक गोष्ट, रेघ नीट विरली तरी मूळ स्तन सुद्धा काखेत शिरतोच. आपण स्तन म्हणजे समोर दिसणारा गोल उभार एवढंच धरतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या बरगडीपासून सहाव्या बरगडीपर्यंत, आणि मधल्या छातीच्या हाडाच्या कडेपासून बाजूला काखेच्या मध्यरेषेपर्यंत पसरलेला असतो, खाली छातीच्या मोठ्या स्नायूवर टेकलेला, आणि वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून त्याची एक शेपटी काखेत जाते. तिला स्कॉटलंडच्या स्पेन्स नावाच्या सर्जनचं नाव दिलंय. म्हणून छाती भरली की काखेशी सुद्धा टणक लागतं, हे बहुतेक बाळंतिणींना जाणवतं. म्हणूनच स्वतःची छाती तपासताना काखेपर्यंत हात न्यायचा असतो, आणि स्तनातली साधारण तीन चतुर्थांश लसिका, म्हणजे ऊतीतून निघणारं पाण्यासारखं द्रव, काखेतल्या ग्रंथींकडेच जाते म्हणून डॉक्टर काख कधी सोडत नाहीत. आईची भीती त्या अर्थाने अगदीच निराधार नव्हती, काखेतली गाठ दुर्लक्ष करायची गोष्ट नाहीच.

आता मावशींचं दुसरं वाक्य. "हिला अंगच नाही, दूध कुठनं येणार?" मुलगी बारीक अंगाची, छाती लहान, आणि हे वाक्य ती हॉस्पिटलात असल्यापासून ऐकत होती. इथे थांबून नीट सांगायला हवं, कारण ह्या एका वाक्याने जितक्या आया पावडरवर गेल्या असतील तितक्या कुठल्या आजाराने गेल्या नसतील असं माझं प्रामाणिक मत आहे. स्तनात दोन वेगळ्या गोष्टी असतात, दूध करणारी ग्रंथी आणि तिच्याभोवतीची चरबी. बाहेरून दिसणारा आकार बराचसा चरबी ठरवते. ग्रंथी म्हणजे आपल्या तासगावच्या द्राक्षाच्या घडासारखी रचना समजा: मणी म्हणजे दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या, देठ म्हणजे नळ्या, आणि बारीक देठ मिळून जाड देठ होत होत शेवटी निपलवर उघडतात. हे सगळं धरून ठेवणारे तंतू कातडीपासून स्नायूपर्यंत गेलेले असतात, त्यांना कूपर ह्या इंग्लिश सर्जनचं नाव आहे, ज्यांनी 1840 मध्ये स्तनाच्या रचनेवर मोठं काम छापलं. त्यानंतर दीड शतकाहून जास्त काळ जवळजवळ सगळ्या पाठ्यपुस्तकांत निपलवर 15 ते 20 नळ्या उघडतात आणि निपलमागे दूध साठायच्या पिशव्या असतात असंच छापलं जायचं, आम्ही पण तेच पाठ केलं. मग 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दूध पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी करून बघितलं तेव्हा नळ्या सरासरी नऊच्या आसपास निघाल्या, कुणाला 4 तर कुणाला 18, आणि त्या साठवणीच्या पिशव्या सापडल्याच नाहीत. म्हणजे निपलच्या मागे दूध वाट बघत बसलेलं नसतं. नळ्या नुसत्या वाहून नेतात, त्या बारीक असतात, कातडीच्या जवळ असतात आणि सहज दाबल्या जातात. जोरात चोळलं की दूध मोकळं होत नाही, ऊतीला सूज येते आणि नळ्या आणखी दाबल्या जातात. ह्या मुलीच्या काखेत अंगठे घालून चोळलं तेव्हा तर तिथे बाहेर पडायला वाटच नव्हती, दूध जाणार कुठे?

लहान छाती आणि मोठी छाती ह्यात फरक पडतो तो एका वेळी किती दूध साठतं ह्यात. ज्यांच्यात कमी साठतं त्यांचं बाळ जास्त वेळा पितं, दिवसाचा हिशोब सारखाच होतो. खरोखर ग्रंथीच कमी वाढलेली आहे अशा बायका असतात, पण थोड्या, आणि हिच्या बाबतीत तर पुरावा समोर होता. जिच्या काखेतला तुकडा सुद्धा दुधाने फुगला तिला दूध येत नाही असं कसं म्हणायचं? हे मी मावशींना अगदी असंच विचारलं. त्या हसल्या नाहीत, पण गप्प झाल्या.

दूध येतं कसं हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तन थोडं चीकदूध बनवायला लागतो, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्याला जोर धरू देत नाही. वार बाहेर पडली की ते हार्मोन झपाट्याने उतरतं, मेंदूतल्या पिट्युटरीच्या पुढच्या भागातलं, दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन आधीच भरपूर असतं, आणि दोन ते चार दिवसांत छाती भरते. सिझेरियनमध्ये वार निघतेच, त्यामुळे दूध येतंच, पण बऱ्याचदा थोडं उशिरा येतं, कारण पहिल्या तासात बाळ छातीला लागत नाही. आपल्याकडे एकूणच पहिल्या तासात पाजणं कमी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभराचा आकडा 41.8 टक्के होता. हिच्या बाळाला पहिल्यांदा छातीला लावलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता.

ही हार्मोन्स रक्तातून फिरतात. रक्ताला हे कळत नाही की ही ऊती छातीवरची आणि ही काखेतली, जिथे ग्रंथी असेल तिथे ती जागी होते. म्हणून काख फुगली. पण दूध सुरू झाल्यावर पुढे ते चालू ठेवायचं की थांबवायचं हे हार्मोनवर तितकं राहत नाही, ते त्या त्या जागी ठरतं. दूध बाहेर काढलं गेलं तर पिशव्या आणखी बनवतात. आत साचून राहिलं तर ताण वाढतो, दुधातच एक थांबवणारा घटक साठत जातो, पेशी काम कमी करतात, आणि काही दिवस तसंच राहिलं तर आवरतं घेतात. उजवा स्तन रिकामा झाला नाही तर उजवाच आटतो, डावा चालू राहतो.

आणि इथेच ह्या घरात सगळं उलटं झालं होतं. काखेतला तुकडा, ज्याला बाहेर वाट नाही, तो तसाच शांत सोडला असता तर आपोआप आटला असता. त्याला शेकून, चोळून जागं ठेवलं. आणि उजवा स्तन, ज्याला रिकामं होणं गरजेचं होतं, त्याला दोन दिवस विश्रांती दिली. एकच नियम दोन्हीकडे चालू होता, फक्त जे छातीला हवं होतं ते काखेला मिळालं आणि जे काखेला हवं होतं ते छातीला.

सर्जनना दाखवलं, त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. दोन्ही काखांत स्तनासारखीच ऊती, पू नाही, लसिकाग्रंथी नेहमीच्या आकाराच्या. त्यांनी सुई घातली नाही, चीर दिली नाही. ह्याचं मला महत्त्व वाटतं, कारण गळू समजून कापलं तर तिथून दूध झिरपत राहून जखम लांबत जाऊ शकते.

मग कामाला लागलो. आधी काख: गरम शेक बंद, मालीश बंद, तेल बंद. थंड पाण्याची घडी दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. सैल सुती ब्लाऊज. टाक्यांसाठी दिलेली पॅरासिटॅमॉल ती "बाळाला बाधेल" म्हणून घेतच नव्हती, ती वेळेवर सुरू केली. दुखणं कमी होणं हा लाड नाही. बाळ चोखायला लागलं की निपलमधल्या नसा मेंदूला निरोप देतात, पिट्युटरीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन सुटतं, ते पिशव्यांभोवतीच्या स्नायूपेशींना आवळतं आणि दूध पुढे ढकललं जातं, त्यालाच पान्हा फुटणं म्हणतात. वेदना आणि भीती हा पान्हा अडवून धरतात. टाके दुखतायत, काख ठणकतेय, कानावर सतत "तुला दूध नाही" पडतंय, अशा बाईला पान्हा फुटणार कसा?

मग उजवा स्तन. बाळाला लावायच्या आधी निपलभोवतीचा कडकपणा घालवायचा होता. दोन्ही हातांची बोटं निपलच्या बुडाशी गोल ठेवून आत छातीकडे हलका, स्थिर दाब, मिनिटभर. चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं, तिथली सूज मागे सरकते. तिने स्वतःच्याच बोटांनी केलं, मी फक्त जागा दाखवली. दोनदा केल्यावर काळा भाग मऊ पडला, निपल वर आलं. मग हाताने काढलं, अंगठा वर, दोन बोटं खाली, निपलपासून जरा मागे, आत दाबायचं आणि मग एकमेकांकडे आणायचं. सुरुवातीला थेंब, मग धार. वीस मिलीच्या आसपास वाटीत आलं, दाट पिवळसर. आईने वाटी हातात घेऊन बघितली आणि पहिली गोष्ट काय केली तर मावशींना दाखवली, "बघ, पू हाय का ह्यात?"

ते दूध चमच्याने बाळाला दिलं, त्याला जरा तरतरी आली. आता छातीला लावायचं, आणि इथे खरी पंचाईत झाली. मांडीवर आडवं घेतलं तर टाक्यांवर भार. सिझेरियनच्या बाईला आम्ही नेहमी बाळ बगलेखालून धरायला शिकवतो, पाय मागे, डोकं पुढे, पण इथे बगलच दुखरी. उजव्या कुशीवर झोपून पाजायचं तर काख दाबली जाते. शेवटी तिला पलंगावर तक्क्याला टेकवून अर्धवट रेलून बसवलं, उजव्या हाताखाली उशी दिली म्हणजे हात अंगापासून सुटा राहील, आणि बाळ तिच्या छातीवर तिरपं पालथं ठेवलं, पाय डाव्या बाजूला, टाक्यांच्या वर. बाळाची हनुवटी स्तनाला टेकली, तोंड शोधायला लागलं, आणि जांभईइतकं मोठं उघडलं तेव्हा तिने त्याला जवळ ओढलं. नुसतं निपल नाही, खालचा काळा भागही तोंडात गेला. पहिले काही घोट भराभर, मग संथ, मग गिळण्याचा आवाज. अगदी हळू, क्क, क्क. तो आवाज ऐकून ती मुलगी रडायला लागली, आणि खरं सांगते, डावीकडून सुद्धा दूध गळायला लागलं. निरोप मेंदूतून येतो, तो दोन्हीकडे जातो.

पावडर एका झटक्यात बंद केली नाही, दहा टक्के वजन उतरलेल्या बाळावर तत्त्व म्हणून प्रयोग करू नयेत. दर दोन-अडीच तासांनी दोन्ही बाजूंनी पाजायचं, पाजून झाल्यावर अजून कडक लागलं तर आराम पडेपर्यंतच हाताने काढायचं आणि तेच दूध वरून द्यायचं, ते कमी पडलं तरच मोजून थोडी पावडर. आणि बाटली नाही, वाटी-चमचा किंवा घरात असेल तर बोंडलं, चांगलं उकळून. त्यांच्या घरी आजीचं जुनं चांदीचं बोंडलं निघालं. मावशींनीच शोधून आणलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पावडर लागेनाशी झाली. जाता जाता सांगते, आपल्या देशात बाळाच्या पावडरच्या आणि बाटलीच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, तरी डबा घरात येतो तो बहुतेक वेळा आपल्याच माणसांच्या काळजीतून येतो.

खाण्याचं काय, हे आईने चारदा विचारलं. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, जे आवडतं ते खायला घाला, बाळंतिणीला पोटभर आणि प्रेमाने जेवायला मिळणं मोठी गोष्ट आहे. पण दूध वाढतं ते बाळ पितं म्हणून. खीर खाऊन छाती रिकामी केली नाही तर खिरीचा काही उपयोग नाही.

सातव्या दिवशी वजन 2.68, शू सात-आठ वेळा, शी मोहरीसारखी पिवळी. चौदाव्या दिवशी 2.92, म्हणजे जन्मवजन ओलांडलं. उजवी काख माझ्याकडे आल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच मऊ पडत गेली होती, दोन आठवड्यांनी फुगवटा निम्म्याहून कमी आणि दाबलं तरच किंचित दुखायचा. सहा आठवड्यांनी आली तेव्हा बाळ 3.84 किलो, गालावर वळ्या, आणि काखेत फक्त सैल कातडीची घडी, बोटाला थोडी जाडसर लागणारी. उजव्या बाजूला दूध डावीइतकंच.

त्या दिवशी ती एकटीच आली होती आणि तिने बरेच प्रश्न आणले होते, चांगले प्रश्न. पुढच्या बाळाच्या वेळी परत फुगेल का? बहुतेक हो, आणि पाळीच्या आधी जडपणा पण राहील, आता कारण माहीत आहे एवढाच फरक. हे काढून टाकता येतं का? येतं, ऑपरेशनने, पण पाजणं चालू असताना नाही. पाजणं संपल्यावर तीन-चार महिने जाऊ द्यायचे, ऊती शांत झाली की सर्जनला दाखवायचं, आणि त्रास नसेल तर न काढताही चालतं. त्रास म्हणजे दुखणंच असं नाही, कपडे घालताना वर्षानुवर्षं वाटणारी लाज हाही त्रासच आहे आणि तेवढ्यासाठी ऑपरेशन करावंसं वाटलं तर त्यात काही चूक नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ह्याचा कॅन्सर होतो का? स्तनाच्या ऊतीत जे जे होऊ शकतं ते काखेतल्या ऊतीतही होऊ शकतं, क्वचित, पण होतं. म्हणून पुढे आयुष्यभर छाती तपासताना ह्या दोन जागा तपासायच्या आणि कुणी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करणार असेल तर त्यांना आधी सांगायचं.

हे वाचून कुणी काखेतली प्रत्येक गाठ दुधाचीच धरून बसू नका. भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे, आणि गरोदर किंवा पाजणाऱ्या बाईत तो उशिरा सापडतो कारण सगळे म्हणतात दुधाची गाठ असेल, जाईल. कडक, एका जागी रुतलेली, वरची कातडी आत ओढणारी गाठ, निपलमधून रक्त, किंवा पाजूनही दोन आठवड्यांत न उतरलेली कुठलीही गाठ असेल तर सोनोग्राफी करून घ्या, पाजत असताना ती करता येते, दूध तोडावं लागत नाही. ताप चढला, छातीचा एखादा भाग लाल होऊन ठणकायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टर.

निघताना तिने अजून एक विचारलं, मुलीला पण असं असेल का. काही घरांत असं आई-मुलीत दिसतं, बहुतेकांत नाही, वयात येताना कळेल असं मी म्हटलं. "मग मी तिला आधीच सांगून ठेवीन," ती म्हणाली आणि बाळाला शालीत गुंडाळून बसस्टँडकडे गेली, कारण दुपारची गाडी चुकली असती.